फुलाआत्याची सहा मडकी

सिंदी स्टेशनवर उतरून मी फुलाआत्याच्या घरी पोचले, तेव्हा कणगी अर्धी फोडून झाली होती. आत्याचा मुलगा मधू लोखंडी सब्बल भिंतीला टेकवून अंगणात घाम पुसत उभा होता. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पुरुषभर उंच असणारी ती धान्याची कणगी आता माझ्या कमरेला लागत होती, आणि फुटलेल्या काठाला तिचे थर उघडे पडले होते. आत तुराट्यांची वीण, तिच्यावर शेणमातीचा एक हात, त्याच्यावर पुढल्या वर्षीचा, त्याच्यावर त्याच्या पुढल्या. मी बोट लावून मोजू लागले आणि विसाच्या पुढे कुठेतरी चुकले. थरांमधून वास येत होता. वेखंडाचा, चाळलेल्या राखेचा, आणि त्यांच्याही खालून ज्वारीचा, जरासा गोडसर.

"ताई, तुले फोन केला तो याच्याचसाठी," मधू म्हणाला. "मले वाटलं, तू येऊन एकदा पाह्यशीन. आईनंच सांगतलं फोडाले. पोरीच्या अभ्यासाले जागा पाह्यजे ना."

आत्या ओसरीत बाजेवर बसून मेथी निवडत होती. माझ्याकडे पाहून हसली, जवळ बसायला हातानं जागा थोपटली आणि पुन्हा मेथीकडे वळली. मला मात्र कणगीजवळून हलवेना. वर्ध्याजवळ पिपरी मेघेच्या माझ्या घरात धान्य पाच-पाच किलोच्या पिशव्यांतून येतं आणि संपतं. असा वास नाकाशी येऊन किती वर्षं झाली होती, तेही आठवेना.

फुलाआत्या ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नाव पंचफुला. आमचं गाव तळेगावपासून दोन कोसांवर. सात वर्षांची असताना तिला कसलासा ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा तिचे कान गेले होते. बोलणं राहिलं, पण ते सात वर्षांचंच राहिलं. तिला लहान-मोठ्यांत भेद करता यायचा नाही. सरपंचालाही ती "तू" म्हणायची. आपला आवाज आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे विहिरीच्या पलीकडच्या माणसाशी बोलावं तशी बोलायची. तापानंतर जगात जे जे नवं आलं, त्याची नावं तिच्यापर्यंत पोचलीच नाहीत, म्हणून ती स्वतःच ठेवायची. रेडिओला "डबा". चष्म्याला "काचा". आणि हायब्रीड ज्वारीला "बुटकी", कारण तिची ताटं आमच्या गावरान ज्वारीच्या खांद्यालाही लागत नव्हती.

मी चौथीत होते तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. आजी-आजोबा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिला पाहायला येणारे लोक यायचे, चहा प्यायचे, तिचा आवाज ऐकायचे आणि कळवतो म्हणून जायचे. ती कप उचलायची, विसळायची, पालथे घालायची.

आमच्या घरातलं धान्य तिच्या हाती होतं. वैशाखात सगळ्या अंगणभर ज्वारी पसरलेली असायची. फुलाआत्या अनवाणी पायांनी तिच्यात नांगरासारखे तास काढत फिरायची, उभे, मग आडवे, आणि तिच्या पावलांमागे दाण्यांची बारीक सळसळ चालायची, ती तिला कधी ऐकू आली नाही. दुपार कलली की खाली वाकून एक दाणा उचलायची आणि दाढेखाली धरायची. दाणा फुटल्याचं तिला जबड्यात कळायचं. "वाळली," म्हणायची, किंवा "नाई, अजून दोन उनं." आईनं कधी तिच्यावर दुसरं मत दिलं नाही.

वाळलेलं धान्य ती गरम गरम कधी भरायची नाही. रात्रभर ते उघड्यावर निवायचं, आणि पहाटे, दाणा हाताला गार लागला की भरायला सुरुवात व्हायची. निंबाचा पाला तिनं आधीच माजघरात, सावलीत वाळवून ठेवलेला असायचा. उन्हात वाळवला तर त्याचं कडूपण उडून जातं, हे तिचं ठाम म्हणणं होतं. कणगीच्या तळाला गोवरीची चाळलेली राख, तिच्यावर पाला, मग ज्वारी, मग पुन्हा पाला. मध्ये मध्ये दोन-चार बिब्बे. तुरीच्या आणि मुगाच्या दाण्याला जवसाचं तेल चोळायची, इतकं थोडं की हात चकाकावेत पण दाणे चिकटू नयेत. शेवटी तोंडावर झाकण ठेवून शेणमातीनं लिंपायची आणि ओल्या मातीवर पाची बोटांचा ठसा उमटवायची. त्या दिवसांत तिच्या केसांना, लुगड्याला, तिनं थापलेल्या भाकरीलासुद्धा पाल्याचा वास असायचा. मला तो वास तिचाच वाटायचा.

ज्या वर्षाबद्दल मी सांगते आहे, त्या वर्षी आमच्याकडे पहिल्यांदा बुटकी पिकली. रग्गड पिकली. बाबा कणसं हातात तोलून लोकांना दाखवत फिरायचे. दोन कणग्या बुटकीनंच भरल्या आणि गावरान ज्वारी धाकट्या तिसऱ्या कणगीत गेली. आत्यानं नेहमीसारखंच ऊन दिलं, नेहमीसारखाच पाला घातला.

भाद्रपदात एका सकाळी ती मोठ्या कणगीचं झाकण उचलून उभी होती. उजवा हात तिनं खांद्यापर्यंत धान्यात घातला होता आणि डोळे मिटून घेतले होते. मग ती ओरडली, "वयनी! आतमंदी ताप हाये!"

आई चुलीपुढून उठून आली. तिनंही हात घातला. वरचं धान्य गार होतं, पण कोपराच्या खाली खरंच ऊब लागत होती, आजारी लेकराच्या कपाळासारखी. बाबांनी खालच्या भोकाचा बोळा ओढून काढला, तशी ज्वारी आली आणि ज्वारीबरोबर सोंडे आले. काळे, बारीक, एकमेकांवर चढणारे. दाण्यांना टोचून टोचून भोकं पडली होती आणि जमिनीवर पिठाचा ढीग साचत होता. दुसऱ्या कणगीतही तेच. धाकटीतली गावरान ज्वारी तेवढी ठणठणीत निघाली.

बाबा त्याच दिवशी तळेगावला गेले आणि पांढऱ्या पावडरीची पुडी घेऊन आले. धान्यात मिसळायची, की कीड खलास. गावात बरेच जण तेच करू लागले होते.

आत्या मोठ्या कणगीच्या तोंडाशी मांडी घालून बसली होती. पुडीचा भपकारा तिला लांबूनच आला असावा.

"फुला, उठ तिथून," बाबा म्हणाले.

"नाई उठत."

"अवं, पुरं धान्य जाईन. सारं गाव हेच टाकून राह्यलं."

"पोरं खातीन ते. दादा, पोरं खातीन."

बाबा तसे शांत माणूस. पण वर्षभराचं खाणं डोळ्यांपुढे पीठ होत होतं. "तुह्या पाल्यानं काईच होत नाई आता," ते म्हणाले. "गेले ते दिवस."

ते हळूच बोलले होते. पण आत्या माणसांच्या ओठांकडे बघूनच ऐकायची, त्यामुळे तिच्यासाठी हळू आणि मोठ्यानं यांत फरक नव्हता. तिचा चेहरा एकदम लहान झाला. तरी ती उठली नाही. आई मध्ये आली आणि म्हणाली, "आठ दिवस द्या तिले. आठ दिवसांत नाई झालं, तं टाका मंग काय टाकाचं ते."

त्या आठ दिवसांचा विचार केला की मला भाद्रपदातलं ते ओलं, मध्येच फाकणारं ऊन आठवतं. ढग सरले की दोघी नणंद-भावजया टोपल्या भरभरून धान्य अंगणात आणायच्या, ढग आले की तेच धान्य पळत पळत ओसरीत. चाळण्या हलायच्या, सोंडे खाली पडायचे, कोंबड्यांची चंगळ व्हायची. आईचे तळहात सोलून निघाले. पाचव्या दिवशी बाबाही टोपली उचलायला आले. निम्मं धान्य वाचलं. तीन बोटं जाडीच्या राखेवर आणि दुप्पट पाल्यात ते पुन्हा भरलं गेलं. पावडरीची पुडी गोठ्याच्या आढ्याला लटकत राहिली आणि पुढे पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वावरात गेली.

घरातल्यांना वाटलं, संपलं. आत्याचं संपलं नव्हतं. बाबांनी जे म्हटलं होतं, त्याचं उत्तर तिला हवं होतं.

आश्विनात तिनं कुंभाराकडून सहा लहान मडकी आणली. प्रत्येकात दोन ओंजळी बुटकी ज्वारी घातली. एकात निंबाचा पाला, एकात निरगुडीचा, एकात राख, एकात वेखंडाचे तुकडे, एकात सीताफळाच्या बियांची पूड. त्या पुडीला ती मला हात लावू द्यायची नाही; डोळ्यांत गेली तर डोळे जातात, आणि खायच्या धान्यात ती घालायचीच नाही, फक्त पेरायच्या बियाण्यात, असं तिनं मला दरडावून सांगितलं होतं. सहाव्या मडक्यात नुसती ज्वारी. बाहेरून चुन्याचे ठिपके दिले, एक, दोन, तीन, असे सहापर्यंत, कारण तिला लिहिता येत नव्हतं. आणि मग तिनं जे केलं, ते पाहून आईनं तोंडाला पदर लावला. कोंड्यातून वेचून ठेवलेले जिवंत सोंडे तिनं एकेक करून मोजले आणि वीस-वीस सोंडे प्रत्येक मडक्यात सोडले. वर फडकं बांधलं.

"मायबाई! आपल्या हातानं धान्यात कीड घालून राह्यली ही!" शेजारच्या रखमाकाकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बोललं गेलं, "भैरी होती, आता येडीबी झाली." आईनं ते ऐकलं आणि त्या दिवशी घागर अर्धीच भरून घरी आली. आईच्या भावानं आत्यासाठी सिंदीचं एक स्थळ सुचवलं होतं, बिजवर पण चांगलं, आणि माणूस दिवाळीनंतर पाहायला येणार होता. हे बोलणं त्याच्या कानावर गेलं तर?

माणूस आला तो नेमका मडकी उघडायच्या दिवशी. आईनं आत्याला नवं लुगडं नेसवून ओसरीत बसवलं होतं, पण मुलाकडची मंडळी यायला उशीर झाला आणि तिला राहवलं नाही. बैलगाडी दारात थांबली तेव्हा फुलाआत्या अंगणात सहा सुपं पुढ्यात घेऊन बसली होती आणि सुपांतले सोंडे मोजत होती.

नामदेवराव म्हणजे उंच, वाळका माणूस. सिंदीजवळ त्यांची भाजीची वाडी होती. बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती आणि चार वर्षांचा मुलगा होता, मधू. बाबा त्यांना "बसा, बसा" म्हणत ओसरीकडे नेऊ लागले. ते गेलेच नाहीत. सुपांजवळ उभे राहून पाहत राहिले, मग मडक्यावरच्या ठिपक्यांकडे बोट दाखवून त्यांनी भुवया उंचावल्या.

आत्याला कुणीतरी विचारलं होतं. तिनं मोठ्या आवाजात सगळं सांगून टाकलं. या नुसत्या ज्वारीत सोंडे मोजता येत नाहीत, इतके झाले. निरगुडीत निम्मे राहिले. निंबात थोडे. राखेत दोन. वेखंडात आणि सीताफळात एकही जित्ता नाही. "पण वेखंडाचा वास भाकरीले येते," ती म्हणाली. "म्हून थो पोटलीत बांधून वरतं ठेवाचा. खाली राख. मधी निंब. अन् बुटकीले ऊन जास्त पाह्यजे. तिची साल पातळ हाये ना!"

हे शेवटचं ती बाबांकडे बघून बोलली. बाबांनी मान हलवली. नुसतीच हलवली, पण ती मान मला अजून दिसते.

नामदेवरावांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि मूठभर चवळीचं बी काढून तिच्या तळहातावर ठेवलं. वाडीवाल्यांच्या खिशात काही ना काही बी असतंच. प्रत्येक दाण्याला सुईनं टोचावं तसं गोल भोक होतं.

आत्यानं दाणे उलटेपालटे केले, फुंकर मारली. भुसा उडाला. "तेल नाई लावलं काय?" ती ओरडली.

नामदेवराव हसले. नाही, अशी मान हलवली.

"जवसाचं लाव. थोडसक. नाई तं भुंगे खातेच."

बाबा घाईघाईनं म्हणाले, "ते तुम्हाले तू म्हणते, मनावर घेऊ नका. लहानपणापासून तिले..."

पण आत्या आता पाहुण्यांच्या तोंडाकडे बघत होती. "तुही बायको मेली?" तिनं विचारलं.

"हो."

"तू मारे काय तिले?"

आईच्या भावानं कपाळाला हात लावला. नामदेवराव मात्र पटकन खाली बसले, उकिडवे, सुपाच्या पलीकडे, आपला चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर येईल असे. ओठ स्पष्ट हलवत, अजिबात आवाज न चढवता ते म्हणाले, "नाई. कधीच नाई."

आत्यानं चवळीचं बी त्यांच्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "मंग येतो मी."

"येतो" असंच म्हणाली. मुलीनं "येते" म्हणायचं, हे कदाचित सात वर्षांपर्यंत तिला कुणी पक्कं शिकवलं नसावं.

लग्न माघात झालं. त्याआधी ती आईला रोज कणगीपाशी न्यायची. मनगट धरून आईचा हात धान्यात खुपसायची आणि विचारायची, "कसं हाये?" आई म्हणायची, "थंड." "तेच पाह्यजो रोज." आई मागे वळून डोळे पुसायची, आणि आत्याला ते पाठमोरं रडणं दिसायचं नाही, म्हणून बरं. निघायच्या दिवशी बाबा गाडी जुंपायला उशीर करत राहिले. शेवटी तिच्यापुढे येऊन उभे राहिले, तिला ओठ दिसतील असे, आणि म्हणाले, "पाल्यानं होते वो, फुला. माह्यं चुकलं." तिनं त्यांच्या गालावर हात ठेवला, जसा ती पाल्यावर ठेवायची, वाळला का ते पाहायला.

पुढच्या उन्हाळ्यांत मी सिंदीला जायची. आर्वीवरून वर्ध्याला एस.टी., तिथून रेल्वे. वाडीवर वांग्यांची फुलं जांभळी झालेली असायची. घराच्या आढ्याला मेथीच्या, चवळीच्या, गवारीच्या बियाण्याची गाडगी टांगलेली असायची आणि प्रत्येकावर चुन्याचे ठिपके. आजूबाजूचे वाडीवाले बी घेऊन तिच्याकडे यायचे. मामाजी, म्हणजे नामदेवराव, त्यांना सांगायचे, "इथं आमचं काई नाई, मालकिनीले विचारा." तिच्याशी बोलताना ते हातातलं काम खाली ठेवायचे, आधी खांद्याला हात लावायचे, मग बोलायचे. माझ्या माहितीतला दुसरा कुठलाही नवरा बायकोशी बोलताना तिच्या तोंडाकडे इतका पाहत नसे. मधूनं तिच्या खुणा दोन महिन्यांत उचलल्या. शाळेतून येऊन तो पाटीभर गोष्टी तिला हातांनी सांगायचा, आणि ती इतक्या जोरात हसायची की वाडीशेजारच्या रुळांपलीकडचे लोक वळून बघायचे.

ही स्वयंपाकघरातली कणगी तिनं आणि मामाजींनी पहिल्याच वर्षी विणली.

आमच्या गावी आई एकटीनं कणग्या भरत राहिली. हळूहळू ज्वारीच कमी झाली. आधी पऱ्हाटी वाढली, मग सोयाबीन आलं. घरात गहू आला, तोही बाजारातून, आणि त्याच्याबरोबर डब्यात टाकायच्या गोळ्या. माजघरात सावलीत पाला वाळवायची गरज उरली नाही. माझं लग्न होऊन मी वर्ध्याला आले, तेव्हा मला फक्त वासांची आठवण होती. त्यांची मापं कुणाला विचारून ठेवायची, हे सुचलं नाही. मामाजी गेले त्यालाही आता काही वर्षं झाली. त्यांच्या मागे चौथ्या दिवशी आत्यानं वाडीवर जाऊन मेथी पेरली, असं मधूनं मला सांगितलं होतं.

आज तिच्या समोर बाजेवर बसून मी विचारलं, "आत्या, वाईट नाई वाटत काय? तुमच्या दोघांच्या हातची कणगी."

तिनं माझे ओठ वाचले. मेथीची जुडी बाजूला ठेवली. "रिकामी होती वं," ती म्हणाली. आवाज आता बारीक झालाय, पण तरी ओसरीभर पुरतो. "दोन साल झाले, रिकामी. मंग पोट्टी कुठी बसन शिकाले?"

ती उठली, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेली. मधू ढेकळं गोळा करत होता. मीही मागून गेले, आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून मातीचं एक ढेकूळ उचललं. त्यावर तुराटीचा वळ होता आणि एका बाजूला पुसट झालेली बोटं. रुमालात बांधून पर्समध्ये ठेवू, असा माझा बेत होता.

आत्यानं पाहिलं.

"काय करशीन त्याचं?"

"ठेवीन घरी," मी म्हटलं.

"तुया घरी वावर कुठी हाये?" तिनं विचारलं आणि माझ्या हातातून ढेकूळ काढून घेतलं. तळहातावर जरा तोललं, बोटांनी चुरून पाहिलं. "राख हाये, शेण हाये, पाला हाये. लय ताकदीची माती हाये." आणि ती मधूकडे वळली. "मधू, सारी वांग्याच्या वाफ्यात टाकजो. इकडं-तिकडं नको सांडू."

मधूनं घमेलं भरलं. तिनंही एक लहान टोपलं ओढलं आणि वाकून त्यात माती भरू लागली. मी तिला थांबवायला गेले, तर तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं आणि दुसरं रिकामं टोपलं माझ्या पुढ्यात सरकवलं. मी पदर कमरेला खोचला.

संध्याकाळपर्यंत आम्ही तिघं माती वाहत होतो.